रेफर केल्यानंतर : प्रस्तावना

महासाथीत डॉक्टर-परिचारिकांचे काय हाल झाले, हे म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातला अतिदक्षता कक्ष येतो. व्हेंटिलेटर एक, रुग्ण दोन, आणि मध्ये उभा असलेला डॉक्टर. २०२० च्या मार्चमध्ये उत्तर इटलीतून ही बातमी आली आणि नंतर न्यूयॉर्कहून, मुंबईहून, दिल्लीहून ती वेगवेगळ्या रूपांत येत राहिली. या विषयावरचं बरंचसं लेखनही त्याच खोलीत बसून झालं आहे.

चिचगड त्या खोलीपासून फार लांब आहे. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातलं हे गाव. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोलीतला कोरची तालुका, भोवती जंगल आणि गोंड-हलबांच्या वस्त्या. इथं ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारी आराखड्यात ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा, मोजके डॉक्टर, सिस्टर, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक औषधनिर्माता. अतिदक्षता कक्ष त्यात धरलेलाच नाही. त्यामुळे व्हेंटिलेटर कुणाला द्यायचा, हा प्रश्न अशा दवाखान्यात येतच नाही. येतो तो दुसराच : रेफर करायचं का, केव्हा, आणि कुठं?

रेफरल चिठ्ठी दिसायला किरकोळ असते. नाव, वय, गाव. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी. आतापर्यंत दिलेली औषधं. खाली पुढच्या उपचारासाठी पाठवत असल्याची एक ओळ, सही, शिक्का, वेळ. पण ती लिहिण्याआधी वरच्या दवाखान्यात फोन लावून झालेला असतो. खाट आहे की नाही याचं उत्तर कधी मिळालेलं असतं, कधी नाही. १०८ च्या रुग्णवाहिका सेवेला कळवलेलं असतं आणि गाडी दुसऱ्या फेरीवर असते. आधी देवरी, मग आमगाव मार्गे गोंदिया, एवढा रस्ता या सिलिंडरवर निभेल का, याचा हिशेब सिस्टरच्या मनात चाललेला असतो. नातेवाईक विचारतात, तिकडं नेलं की वाचेल ना? त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहायला जागा नसते. गाडी निघते, रजिस्टरात नोंद होते आणि दवाखान्याच्या दृष्टीनं तो रुग्ण तिथं संपतो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं संपत नाही. माणूस पोचला का, खाट मिळाली का, घरी आला का, हे कळण्याची कोणतीही रीतसर सोय नसते. कळलंच तर गावातून कळतं.

हे पुस्तक त्या चिठ्ठीच्या अलीकडं उभ्या असलेल्या माणसांबद्दल आहे. आरोग्य कर्मचारी का थकले, याचं उत्तर कामाच्या तासांत जेवढं आहे, तेवढंच ते योग्य काय हे माहीत असूनही करता न येण्यात आहे, आणि खेड्यातल्या दवाखान्यात हे न जमणं बहुतेक वेळा रेफरच्या रूपात समोर येतं, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. ते पटायचं तर आधी विषयाचा नकाशा समोर हवा.

या विषयात दोन गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली बर्नआउट. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करत होते. तळमळीनं आलेली तरुण मंडळी काही महिन्यांत चिडचिडी, कोरडी कशी होतात, सारखी आजारी कशी पडू लागतात, हे त्यांनी पाहिलं, स्वतःतही पाहिलं, आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. पुढं कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन भाग आजही वापरात आहेत : भावनिक दमणूक, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यातला दुसरा भाग आपल्याला चांगला ओळखीचा आहे. सरकारी दवाखान्यात सिस्टर खेकसतात ही आपली जुनी तक्रार. ते खेकसणं स्वभाव असेल, उद्धटपणा असेल. पण ते दमणुकीचं लक्षणही असू शकतं, हे या प्रश्नावलीनं दाखवून दिलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून केली. आजार म्हटला असता तर इलाज कर्मचाऱ्यावर करावा लागला असता. ताणाचा परिणाम म्हटल्यावर बोट कामाच्या रचनेकडं वळतं.

दुसरी गोष्ट नैतिक घुसमट. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं १९८४ मध्ये परिचारिकांच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात ती मांडली. योग्य काय ते परिचारिकेला कळतं, पण संस्थेची चौकट, हुकूम, साधनांची टंचाई यामुळं ते करता येत नाही. त्यातून होणारा त्रास तो हा. पंचवीस वर्षांनी एलिझाबेथ एपस्टाइन आणि अ‍ॅन हॅमरिक यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. प्रसंग निघून गेला तरी थोडी घुसमट तळाशी उरते, पुढच्या प्रसंगी ती आधीच्या गाळावर साचते, आणि म्हणून दहाव्या वेळी माणूस एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून कोसळतो. पुढं या व्याख्येवर वाद झाले. योग्य काय हेच न कळण्याचा त्रास यात धरायचा की नाही? परिचारिकेला ठाऊक असतं आणि व्यवस्थेला नसतं, हे गृहीत धरणं बरोबर आहे का? हे वाद अजून मिटलेले नाहीत.

तिसरी संज्ञा सैन्यातून आली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये नैतिक जखमेबद्दल लिहिलं. अधिकारावरच्या माणसानं, प्राण पणाला लागलेले असताना, बरोबर काय ते सोडून दिलं, यातून होणारी जखम. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी तिचा परीघ वाढवला : स्वतःच्या हातून घडलेलं, थांबवता न आलेलं, नुसतं पाहावं लागलेलं, हे सगळं त्यात आलं. कोविडमध्ये ही संज्ञा दवाखान्यांत शिरली ती आपसूक.

या तिन्हींतून आज चार विचारधारा दिसतात. पहिली व्यक्तीकडं पाहते : समुपदेशन, ध्यान, झोप, व्यायाम, मनाची लवचीकता. दुसरी कामाच्या रचनेकडं. मॅस्लॅक आणि मायकेल लीटर यांनी १९९७ मध्ये सहा जागा सांगितल्या, जिथं माणूस आणि काम यांचं जुळेनासं होतं : कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय आणि मूल्यं. तिसरी धारा नीतिशास्त्राची; ती विचारते की निर्णय कुणाचा होता आणि त्याचं ओझं कुणाच्या माथी आलं. चौथी श्रमाची आणि हक्कांची. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाईसुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की हसतमुख राहणं हेही कष्टाचं काम आहे आणि त्याचा पगार वेगळा मिळत नाही. आपल्याकडं ही धारा पुस्तकांतून कमी आणि आशा-अंगणवाडीच्या मोर्चांतून जास्त बोलली आहे.

मराठी मुलखाला साथी नवीन नाहीत आणि साथीत सेवा करणारेही नवीन नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि सरकारला घरात शिरण्याचे, माणसं वेगळी काढण्याचे मोठे अधिकार मिळाले. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले पुण्यात गेल्या. दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांना आणत होत्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात तेव्हाचा मध्यप्रांत, ज्यात आजचा गोंदिया-भंडारा परिसर येत होता, देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी होता. साथीबाहेरची सेवाही आपण अशीच आठवतो : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करत असताना बत्तिसाव्या वर्षी गेले; व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

या आठवणी आपण जपल्या त्या त्यागाच्या म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्यागाच्या गोष्टीत एक सोय असते. त्याग करणारा मोठा ठरला की त्याच्यावर ती वेळ कुणी आणली, हे विचारायचं राहून जातं. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी देशानं थाळ्या वाजवल्या, तेव्हाही हेच झालं. त्याच दिवसांत डॉक्टरांना भाड्याची घरं सोडायला सांगितली जात होती. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, केंद्राला वटहुकूम काढून १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली : आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा. टाळी आणि दगड एकाच काळात पडत होते.

या बाबतीत टोरंटोचा अनुभव उपयोगी आहे. २००३ मध्ये तिथं सार्सची साथ आली तेव्हा बाधितांत दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचाच भरणा मोठा होता. त्यानंतर तिथल्या नीतिशास्त्रज्ञांनी एक तत्त्व ठामपणे मांडलं. समाज कर्मचाऱ्यांकडून धोका पत्करण्याची अपेक्षा करत असेल, तर समाजही उलट काही देणं लागतो : साधनं, विमा, रजा, कुटुंबाची काळजी. म्हणजे कर्तव्य दोन्ही बाजूंनी हवं. भारतात या देण्याचा एक भाग विम्याच्या रूपानं आला; ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचं विमासंरक्षण लागू झालं. मृत्यूनंतरचं देणं असं ठरलं. जिवंत माणसाच्या देण्याचं मात्र घोंगडं भिजत पडलं.

आशाताईंची गोष्ट त्याचा नमुना आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावातल्याच बाईला आरोग्याच्या कामासाठी ‘आशा’ म्हणून नेमण्याची योजना आली. तिच्यामागं छत्तीसगडच्या ‘मितानिन’ या गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांचा अनुभव होता, म्हणजे चिचगडच्या सरहद्दीपलीकडचाच. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातलीच बाई नवजात बाळाला वाचवू शकते हे दाखवलं होतं, तेही पुढं आशांच्या कामात आलं. मात्र आशा ही कर्मचारी धरलेली नाही. ती स्वयंसेविका, आणि तिला पगाराऐवजी कामागणिक मोबदला. कोविडमध्ये तिच्या हाती थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर आला, सर्वेक्षणाची वही आली, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या घरभेटी आल्या. त्याबद्दल केंद्राकडून महिना १००० रुपये. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं मानधनात वाढ आणि कोविड भत्ता मान्य झाला, तेव्हा संप मिटला. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. गौरव आणि मानधन यांच्यातलं हे अंतर मॅस्लॅक-लीटर यांच्या सहा जागांपैकी निदान दोन एकदम दाखवतं : मोबदला आणि न्याय.

आशेची घुसमट मात्र पैशापुरती नाही. ती गावातलीच असते. २०२० च्या उन्हाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, हैदराबाद-नागपूरला मजुरीला गेलेली माणसं परतत होती. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीवरूनच जातो. परतलेल्यांच्या हातावर विलगीकरणाचा शिक्का, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि यादी करणारी आशा त्यातल्या कुणाची वहिनी, कुणाची चुलती, कुणाची वर्गमैत्रीण. शहरातला डॉक्टर पाळी संपली की अनोळखी होतो. आशेची पाळी संपत नाही. जिच्या नवऱ्याला तिनं शाळेत पाठवलं, तिच्याच शेजारी उद्या रोवणीला उभं राहायचं असतं. त्यात हा भाग हिवतापाचा आणि सिकलसेलचा. पावसाळ्यात ताप आला की बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, ही इथली वर्षानुवर्षांची रीत. कोविडमध्ये ताप सांगितला की नेतील, या भीतीनं माणसं ताप लपवू लागली. मग कोविडच्या धाकानं हिवताप निसटण्याची भीती. वर्षानुवर्षांत मिळवलेला विश्वास आपल्याच हातून सुटतोय, हे पाहत राहणं हीसुद्धा नैतिक घुसमटच, पण इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिचं उदाहरण सापडणार नाही.

दुसऱ्या लाटेत हा ताण सगळ्याच पायऱ्यांवर पसरला. कोविड केअर सेंटर, त्यावर कोविड आरोग्य केंद्र, त्यावर कोविड रुग्णालय अशी उतरंड शासनानं ठरवली होती. कागदावर ती नीट होती. खालच्यानं वरच्याकडं पाठवायचं. एप्रिल २०२१ मध्ये वरच्या पायऱ्या भरल्या. गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालेलंच २०१६ मध्ये. नागपुरात खाटांसाठी धावाधाव चालू होती. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस तिथं पोचली. दोनच दिवसांपूर्वी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २० हून अधिक रुग्ण दगावले होते. वरची पायरी भरली की खालच्या चिठ्ठीचा अर्थ बदलतो. पाठवलं तर रस्त्यात जाईल, ठेवलं तर इथं जाईल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी सही आपली.

सहीची ही भीती हवेतली नाही. ९ जानेवारी २०२१ ला शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता कक्षाला आग लागली. तिथंही अटक झालेल्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका होत्या. कुणाची किती चूक, हे न्यायालय ठरवील. पण विजेची तारजोडणी, अग्निसुरक्षेची तपासणी, मंजूर पदं न भरणं हे निर्णय ज्या पातळीवर होतात, तिथून परिणाम मात्र रात्रपाळीपर्यंत उतरतो, हे प्रत्येक सिस्टरनं त्या वर्षी पाहिलं. शे ज्याला अधिकारावरच्या माणसानं केलेला दगा म्हणतात, त्याची आठवण इथं होते.

हे आता का वाचायचं? साथ संपली, मुखपट्ट्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं मरण पावले. ती मोजदादही झाली. जे जगले आणि कामावर परतले, त्यांची मोजदाद अशी होत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आयुष्य संपवलं. त्यांच्या नावानं २०२२ मध्ये अमेरिकेनं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा केला. आपल्याकडं अशी चर्चा अजून मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’सारख्या मोजक्या ठिकाणी, इंग्रजीत, होते. एएनएम, आशा, गटप्रवर्तक, कंत्राटी औषधनिर्माता यांच्यापर्यंत ती पोचत नाही. आणि चिचगडसारख्या ठिकाणी रेफर तर साथ नसतानाही रोजचंच आहे : अडलेली बाळंतीण, सर्पदंश, सिकलसेलचं संकट. महासाथीनं रोजची घुसमट फक्त मोठी करून दाखवली.

म्हणून या पुस्तकानं सुरुवात खालून केली आहे. यात डॉक्टर आहेत, पण सिस्टर, आशा, वॉर्डबॉय, १०८ चे चालक आणि सफाई कामगार त्यांच्यापेक्षा जास्त आहेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही; सांगणाऱ्यांना आपल्याच वरिष्ठांखाली उद्याही काम करायचं आहे, हे त्यामागचं साधं कारण. सांगणाऱ्यांची बोली, त्यातला झाडीपट्टीचा ठसका आणि दवाखान्यातली इंग्रजी तशीच ठेवली आहे. निवेदनांच्या जोडीला अभ्यासकांचे लेख आहेत. ते निवेदनांचा अर्थ लावून देत नाहीत. वर सांगितलेल्या चार धारांपैकी कोणती कुठं पुरते आणि कुठं तोकडी पडते, ते तपासतात.

संपादनाचा कलही सांगून टाकतो. समुपदेशन आणि योगशिबिरांना विरोध नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण सहा जणांचं काम दोघांकडून करून घेऊन त्या दोघांना प्राणायाम शिकवणं, याला उपाय म्हणता येणार नाही. त्यापेक्षा साध्या गोष्टी या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात. रेफर केलेल्या रुग्णाचं पुढं काय झालं, हे वरच्या दवाखान्यानं खालच्याला कळवावं. खाट नसेल तर नाही असं लेखी सांगावं, म्हणजे निर्णयाचा भार एकट्या चिठ्ठी लिहिणाऱ्यावर राहणार नाही. मृत्यूनंतर त्या पाळीतल्या सगळ्यांनी, शिपायासकट, एकत्र बसून काय घडलं ते बोलावं, आणि ती बैठक चौकशी ठरू नये. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

पुस्तकाच्या मर्यादा उघड आहेत. एका तालुक्याच्या अनुभवावरून सगळ्या महाराष्ट्राबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. खाजगी दवाखान्यांतल्या परिचारिकांचं जग यात जवळपास नाही. आणि रुग्णांची बाजू, जिला स्वतःच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत, तिला वेगळं पुस्तक लागेल. कर्मचाऱ्याची घुसमट समजून घेणं म्हणजे रुग्णाच्या वाट्याला आलेली हेळसांड माफ करणं असा अर्थ कुणी काढू नये. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकाच रिकाम्या पदात सापडतं.

वाचक तीन प्रकारचे असतील. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना यात ओळखीचं बरंच भेटेल, आणि आपल्याला होणारा त्रास हा आपला नाकर्तेपणा नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ. सामान्य वाचकानं हे वाचून हळहळावं, पण तिथं थांबू नये. तिसरा वाचक नियोजन करणारा. पुढच्या साथीची तयारी म्हणून तो खाटा, सिलिंडर, लसींच्या मात्रा यांचे तक्ते करील. त्याच तक्त्यात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, कंत्राटी किती, सलग किती रात्रपाळ्या, आशेचा मोबदला कोणत्या तारखेला जमा झाला, हे रकाने त्यानं घालावेत, आणि ते रिकामे असतील तर तयारी झाली असं म्हणू नये.